नवी रायफल: पहिल्या बाराआधीची साफसफाई आणि तयारी

खोक्यातून नुकतीच काढलेली शिकारीची रायफल चकचकीत दिसते, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, सरसर सरकतो, आणि साहजिकच ती वापरायला तयार आहे असं वाटतं. ती तयार असते, पण गोदामात पडून राहण्यासाठी. कारखान्यातून निघाल्यावर हातात पडेपर्यंत कित्येक महिने जातात. त्या काळात पोलादावर गंज चढू नये म्हणून कारखाना तिला आतून-बाहेरून गंजरोधक तेल किंवा जाडसर ग्रीस फासतो. हा लेप गंज अडवतो, पण गोळी झाडताना नळीत आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, तो नकोच असतो.

शिवाय नवी नळी आतून कोरीही नसते. जे देश सी.आय.पी. या आंतरराष्ट्रीय संस्थेचे नियम पाळतात तिथे प्रत्येक रायफलमधून, त्या काडतुसाला ठरवून दिलेल्या कमाल दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाब देणारं काडतूस झाडून पाहतात आणि मगच तिच्यावर ठसा मारतात. इतरत्रही कारखाने चाचणीचे काही बार काढतात. त्या बारांची काजळी आणि तांबं नळीत तसंच राहून जातं आणि वरून तेलाचा लेप बसतो. त्यात कातकामाचे बारीक कण मिसळले असले तर तो लेप कानशीसारखं काम करतो.

म्हणून पहिल्या साफसफाईचं सूत्र अगदी साधं आहे. तेल जिथे नको तिथून पूर्ण काढायचं आणि जिथे हवं तिथे अगदी थोडं लावायचं. पुढचं सगळं बोल्ट-ॲक्शन, म्हणजे हाताने बोल्ट मागे-पुढे करायची रायफल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण शिकारीत तीच सर्वाधिक वापरतात.

आधी रिकामी आहे ना ते बघा

"नवीच तर आहे, रिकामीच असणार" हे वाक्य मनात आलं की थांबायचं. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, मॅगझिन काढा, बोल्ट पूर्ण मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि मग करंगळी घालून चाचपा. अंधाऱ्या चेंबरमध्ये डोळा फसतो, बोट फसत नाही. त्यानंतर बोल्ट काढून बाजूला ठेवा. साफसफाई चालली आहे त्या खोलीत एकही जिवंत काडतूस असू नये. फक्त टेबलावरून हलवलेलं पुरत नाही, ते खोलीतच नको.

मग मॅन्युअल वाचा. बोल्ट कसा सुटतो, कोणता स्क्रू किती आवळायचा, ट्रिगरला हात लावायचा की नाही, हे प्रत्येक कारखान्याचं वेगळं असतं. या लेखातला एखादा आकडा आणि मॅन्युअलमधला आकडा जुळला नाही तर मॅन्युअलचं ऐका.

सामान

सामानात कंजुषी करायची तर ती सळईत करू नका. तुकडे जोडून लांब होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सळया स्वस्त असतात, पण त्यांचे सांधे नळीच्या आतल्या खाचांना घासतात आणि मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसलेली कचकच पोलाद खरवडते. एकसंध, प्लास्टिकचा थर दिलेली पोलादी किंवा कार्बन फायबरची सळई घ्या. तिची मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी. नळीतल्या खाचा पिळदार असतात, त्यांच्याबरोबर ब्रशही फिरला पाहिजे.

दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे बोअर गाइड. बोल्टच्या जागी बसणारी ही पोकळ नळकांडी सळईला बरोबर मध्यातून नेते. ती नसेल तर सळई वाकते आणि चेंबरच्या पुढे जिथे खाचा सुरू होतात त्या नाजूक कडेला घासते. शिवाय सॉल्व्हंट ओघळून ट्रिगरमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात शिरतं.

बाकी लागतं ते असं: नळीच्या मापाचा फॉस्फर-ब्रॉन्झचा ब्रश, एक नायलॉनचा ब्रश, पॅच ढकलायला जॅग, सुती पॅच, म्हणजे कापडाचे तुकडे (.३०८ काडतुसाच्या मापाला साधारण साडेचार ते साडेपाच सेंमी, .२२३ ला तीन सेंमीच्या आसपास), काजळी काढणारं सॉल्व्हंट, तांबं काढणारं सॉल्व्हंट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बंदुकीचं पातळ तेल, थोडं ग्रीस, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा आणि ठरवलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर. ब्रेक क्लीनर तेल झटकन उडवतो, पण लाकडाचं वॉर्निश आणि काही प्लास्टिक खातो. दस्त्याजवळ तो नको.

खिडक्या उघड्या ठेवा. तांबं काढणाऱ्या बऱ्याच सॉल्व्हंटमध्ये अमोनिया असतो. तो ब्लीचमध्ये मिसळला तर विषारी वायू तयार होतो, म्हणून जवळपास ब्लीच असू नये. काजळीत प्रायमरमधलं, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीमधलं, शिसं असतं. हे काम खाण्याच्या टेबलावर करू नका आणि उरकल्यावर हात साबणाने धुवा.

नळी

रायफल आडवी, नळीचं तोंड किंचित खाली राहील अशी टेकवा, म्हणजे सॉल्व्हंट पुढे वाहील, मागे ट्रिगरकडे येणार नाही. तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारा तुकडा, लावलेला असेल तर तो काढून ठेवा, नाहीतर सगळा गाळ त्यात साचतो.

सळई नेहमी चेंबरकडून तोंडाकडे जाते. नळीच्या तोंडाची आतली गोल कड, म्हणजे क्राउन, हा गोळीला स्पर्श करणारा शेवटचा भाग. त्या कडेला एका बाजूने ओरखडा पडला तर गोळी बाहेर पडताना मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो, गोळीला तिरका धक्का बसतो आणि बाकी सगळं उत्तम असूनही नेम पसरतो. म्हणून तोंडाकडून सळई घालणं टाळायचं.

पहिला पॅच काजळीच्या सॉल्व्हंटमध्ये भिजवून एका दमात आरपार ढकला आणि तोंडाशी काढून टाका. घाण झालेला पॅच परत मागे ओढायचा नाही. हा पहिला पॅच उजेडात नीट बघण्यासारखा असतो. त्यावर बहुतेक वेळा पिवळट-तपकिरी चिकट लेप येतो, मधे काळे पट्टे असतात, आणि पॅच तिरपा धरला तर कधी कधी सुईच्या टोकाएवढे चमकणारे कण दिसतात. तेच ते कातकामाचे कण. ते दिसले तर लगेच ब्रश घालू नका, नाहीतर ब्रश त्यांना नळीभर फरफटत नेईल. आधी आणखी तीन-चार ओले पॅच ढकलून कण निघून जाऊ द्या.

मग ब्रॉन्झचा ब्रश सॉल्व्हंटने ओला करून दहा वेळा पुढे-मागे फिरवा. ब्रश तोंडातून पूर्ण बाहेर पडल्यावरच मागे ओढायचा. मधेच दिशा बदलली तर तारा उलट वाकतात, ब्रश अडकतो आणि वाया जातो. मागे ओढतानाही सळई क्राउनवर घासू देऊ नका. पाच ते दहा मिनिटं थांबा, दोन ओले पॅच आणि दोन कोरडे पॅच ढकला. कोरडा पॅच फिकट राखाडी आला की काजळीचं काम झालं.

आता तांबं. गोळीवरचं आवरण तांब्याच्या मिश्रधातूचं असतं आणि ते नळीत घासून पातळ थर सोडतं. नळीच्या तोंडात प्रकाश पाडून तिरपं बघितलं तर खाचांच्या कडेला तांबूस रेघा दिसतात. अमोनियाचं सॉल्व्हंट लावलेला पॅच फिरवा, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा (बहुतेकांवर पंधरा मिनिटांची मर्यादा असते, ती ओलांडू नका) आणि कोरडा पॅच ढकला. निळा किंवा हिरवट-निळा रंग आला की तांबं विरघळतंय. रंग यायचा थांबेपर्यंत हेच करत राहायचं.

इथे नवशिके हमखास फसतात. पितळी जॅग आणि ब्रॉन्झचा ब्रश यांतही तांबंच असतं. त्यामुळे सॉल्व्हंट त्यांनाही खातं आणि पॅच शेवटपर्यंत निळाच येत राहतो. स्वच्छ झालेली नळी माणूस तासन् तास घासत बसतो. तांबं काढताना जॅग निकेलचा मुलामा दिलेला किंवा प्लास्टिकचा वापरा आणि ब्रश नायलॉनचा. दोन वेगळ्या कंपन्यांची सॉल्व्हंट एकात एक मिसळू नका. एक पूर्ण पुसून काढल्यावरच दुसरं लावा.

शेवटी अल्कोहोलचे दोन पॅच फिरवा आणि मग कोरडे पॅच, पांढरे येईपर्यंत. त्याच दिवशी गोळी झाडायची नसेल तर पॅचवर तेलाचे दोन-तीन थेंब टाकून एकदा फिरवा आणि त्यामागून एक कोरडा पॅच ढकला, म्हणजे न दिसणारा पातळ थर राहील. झाडायच्या दिवशी तोही कोरड्या पॅचने काढा. नळीत तेल साचलेलं असलं तर गोळीपुढे अडथळा होतो, दाब वाढतो आणि पहिला बार भलतीकडे जातो.

चेंबर कोरडं का हवं

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण तेल लावताना नेमकं इथेच चुकतं. काडतूस झाडलं की आतला दाब प्रचंड वाढतो. .३०८ विंचेस्टरसाठी सी.आय.पी.ची मर्यादा ४१५० बार (इथे बार हे दाबाचं एकक) आहे, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या चार हजार पटींहून जास्त. या दाबाने काडतुसाची पितळी पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. तेवढ्या क्षणापुरती ती भिंतच मागे जाणाऱ्या जोराचा काही भाग पेलते. चेंबरला तेल असेल तर पुंगळीची पकड सुटते, ती घसरून मागे येते आणि सगळा जोर बोल्टच्या लग्जवर, म्हणजे बोल्टला कुलपासारखं अडवणाऱ्या उंचवट्यांवर पडतो. एक-दोन बारांनी कदाचित काही दिसणार नाही, पण हा जादा भार प्रत्येक बाराला पडत राहतो. आणि नव्या रायफलच्या चेंबरमध्ये कारखान्याचं ग्रीस असतंच.

म्हणून चेंबर वेगळं साफ करायचं. नळीतून जाणारा पॅच चेंबरच्या भिंतीला नीट लागत नाही, कारण चेंबर नळीपेक्षा रुंद असतं. चेंबरचा ब्रश घ्या किंवा मोठ्या ब्रशभोवती कापड गुंडाळा, सॉल्व्हंटने पुसा, मग अल्कोहोलने आणि शेवटी कोरडं करा. चेंबरच्या मागे लग्ज जिथे अडकतात त्या खोबणीत ग्रीस आणि कण हमखास दडलेले असतात. तिथे बोट पोहोचत नाही. वाकडी सळई आणि कापडाची गुंडाळी यांनीच ती निघते. पुसलेलं कापड पांढरं आलं की पुढे जा.

बोल्ट

मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तसा बोल्ट सोडवा. आत प्रायमरवर आपटणाऱ्या फायरिंग पिनची ताठ स्प्रिंग असते, ती सुटली तर डोळ्यावर येऊ शकते, म्हणून चष्मा लावूनच सोडवा. पिन, स्प्रिंग आणि बोल्टची पोकळी सॉल्व्हंटने धुवा आणि सुकवा. इथलं ग्रीस उबदार खोलीत काही त्रास देत नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र ते घट्ट होतं, पिन हळू पडते, प्रायमरवर हलका खळगा पडतो आणि काडतूस उडत नाही. शिकारीत ऐनवेळी "टक्" असा नुसता आवाज येण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. पिनवर तेलाचं बोट फिरवून पुसून घ्या, एवढं तेल पुरे.

बोल्टच्या तोंडावर पुंगळी ओढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, आणि पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर असतो. इजेक्टर स्प्रिंगवर दाबला जाणारा असेल तर तो काडीने दाबून बघा. तो मोकळा परत आला पाहिजे. त्याच्या भोकात ग्रीस आणि कण अडकलेले असतात.

ग्रीस कुठे हवं? लग्जच्या मागच्या बाजूला, जिथे पोलाद पोलादावर दाबून घासतं. प्रत्येक लगवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस घ्या आणि बोटाने पसरा. हँडल वर उचलताना जो उतार घासतो त्यावरही तेवढंच. लग्ज कोरडे राहिले तर दाबाखाली धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात. स्टेनलेस पोलादात हे लवकर होतं. बोल्टच्या बाहेरच्या अंगाला तेलाचा हात पुरतो. बोल्टचा पुढचा चेहरा कोरडा ठेवा, कारण तिथलं तेल थेट चेंबरमध्ये जातं.

ट्रिगर आणि सेफ्टी

ट्रिगरच्या आत तेल सोडू नका. तेल धूळ धरतं, काही महिन्यांनी चिकट होतं आणि ट्रिगर अर्धवट अडकू लागतो. कारखान्याचं ग्रीस खूपच असेल तर ते मॅन्युअलप्रमाणे धुऊन काढा आणि कोरडं राहू द्या. ट्रिगरचं वजन हलकं करायच्या फंदात पहिल्या दिवशी पडू नका.

रायफल जोडून झाल्यावर, रिकामी असल्याची पुन्हा खात्री करून, सेफ्टी तपासा. बोल्ट बंद करा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोराने दाबा. काही होता कामा नये. ट्रिगर सोडा आणि आता ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. याही वेळी पिन पडता कामा नये. पडली तर ट्रिगर दाबलेला असताना आतला भाग सरकला होता आणि सेफ्टीने तो फक्त तात्पुरता अडवला होता. अशी रायफल थेट गनस्मिथकडे न्यायची. मग बोल्ट उघडून जोरात बंद करा. पिन आपोआप सुटली तर तेही तितकंच गंभीर.

काडतुसं वर येतात का आणि बाहेर पडतात का हे फक्त डमी, म्हणजे दारू नसलेल्या खोट्या काडतुसांनी बघा. घरात जिवंत काडतूस चेंबरमध्ये घालून बघणं अजिबात नको.

दस्ता आणि स्क्रू

नळी आणि ॲक्शन, म्हणजे नळीमागचा बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग, दस्त्याला बहुधा दोन मोठ्या स्क्रूंनी धरलेली असतात. वाहतुकीत ते सैल होतात, किंवा कारखान्यात कमी-जास्त आवळलेले असतात. ते पूर्ण काढून एकदा आतली बाजू बघा. लाकडी दस्ता असेल तर आतलं लाकूड बऱ्याचदा कोरं, लेप न दिलेलं सापडतं. ते ओल शोषतं, फुगतं आणि नळीवर दाब देऊ लागतं, मग ऋतू बदलला की नेम बदलतो. त्यावर लाकडाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि सुकू द्या. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून डब्यात टाकू नका. त्या सुकताना स्वतःच तापतात आणि पेट घेतात. त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

जोडताना रायफल दस्त्याच्या टाचेवर उभी करा, तोंड वर. हाताने ॲक्शन खाली दाबा, म्हणजे धक्का पेलणारा रिकॉइल लग आपल्या खाचेत मागे टेकून बसेल. त्याच स्थितीत आधी पुढचा स्क्रू हाताने बसवा, मग मागचा. नंतर टॉर्क स्क्रूड्रायव्हरने दोन टप्प्यांत आवळा. साध्या लाकडी दस्त्याला साधारण ४ ते ५ न्यूटन-मीटर, आत ॲल्युमिनियमचा ठोकळा किंवा खांब असतील तर ७ च्या आसपास. इंच-पाउंडमध्ये वाचायचं असेल तर १ न्यूटन-मीटर म्हणजे ८.८५ इंच-पाउंड. लाकडाला जास्त आवळलं तर ते चेपतं, आणि मग स्क्रू कितीही आवळला तरी सैलच पडत राहतो.

नळी दस्त्याला न टेकणारी असेल तर कागदाची पट्टी नळीखाली घालून ॲक्शनपर्यंत सरकवून बघा. मधेच अडली तर तिथे टेकतंय. काही रायफलींच्या दस्त्याला पुढच्या टोकाशी मुद्दाम दाब देणारा उंचवटा ठेवलेला असतो, तो तासून टाकू नका.

स्कोप

पहिल्या दिवशी नेम भरकटण्याचं कारण नळीपेक्षा स्कोपच्या, म्हणजे वर बसवलेल्या दुर्बिणीच्या, जोडणीत जास्त वेळा सापडतं. ॲक्शनवरच्या स्क्रूच्या भोकांत कारखान्याचं तेल असतं, आणि तेलकट आट्यांवर स्क्रू धक्क्याने सुटतात. अल्कोहोलने भोकं आणि स्क्रू दोन्ही पुसा. बेसच्या, म्हणजे स्कोप ज्या पट्टीवर (रेलवर) बसतो तिच्या, स्क्रूंना मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक छोटा थेंब लावा आणि १.७ ते २.३ न्यूटन-मीटर आवळा. बेस बसवल्यावर बोल्ट घालून बंद करून बघा. पुढचा स्क्रू जरा लांब असेल तर तो आत डोकावतो आणि बोल्टच्या लगला अडतो.

स्कोपला धरणाऱ्या रिंग या रेलवरच्या आडव्या खाचांत बसतात. आवळण्याआधी त्या पुढे, नळीच्या दिशेला ढकलून टेकवा. धक्क्याने रायफल मागे येते आणि स्कोप आपल्या जागी राहू पाहतो, म्हणजे रेलच्या तुलनेत पुढे सरकतो. आधीच पुढे टेकलेला असला की त्याला सरकायला जागा राहत नाही. रिंगच्या वरच्या स्क्रूंना १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरे. थ्रेडलॉकर नको. दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत, आडवे-तिडवे थोडे थोडे आवळा. जास्त आवळलं तर स्कोपची नळी चेपते आणि आतली फिरकी नीट चालत नाही.

डोळ्यापासूनचं अंतर शिकारीच्या स्कोपला बहुधा ८ ते १० सेंमी असतं. जाड कपडे घालून, जशी रायफल प्रत्यक्ष खांद्याला लावाल तशी लावून अंतर ठरवा. अंतर कमी राहिलं तर धक्क्याने स्कोपची कड भुवई फाडते.

स्कोप बसला की बोल्ट काढून, रायफल स्थिर टेकवून, मागून नळीतून २५ मीटरवरचं टार्गेट नळीच्या मध्यात आणा. रायफल न हलवता स्कोपचे बटण फिरवून फुली त्याच टार्गेटवर आणा. याने पहिली गोळी निदान कागदावर लागते.

काडतूस आणि नळीवरचं नाव

नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव अक्षरशः एकच असलं पाहिजे. "जवळपास तेच" चालत नाही. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ रेमिंग्टनच्या पुंगळीच्याच कुळातलं, आखूड केलेलं. काही वेळा ते .२२३ च्या चेंबरमध्ये शिरतं आणि बोल्टही बंद होतो. पण त्याची गोळी ७.८ मिलिमीटरची आणि नळी ५.७ मिलिमीटरच्या गोळीची. बार काढताच रायफल फुटते. दोन मापांच्या रायफली असतील तर नेमबाजीच्या रेंजवर एका वेळी एकाच मापाची काडतुसं न्या.

पहिले बार

रेंजवर निघण्याआधी नळीतून कोरडा पॅच, आणि पोहोचल्यावर बोल्ट काढून नळीतून आभाळाचा उजेड बघा. पॅचचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. कानांना आणि डोळ्यांना संरक्षण हवंच. रायफलचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि कानाचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

पहिला बार टेकवलेल्या रायफलीने, मॅगझिनमध्ये न भरता एकच काडतूस घालून काढा. मग पुंगळी उचलून नीट बघा. बुडापासून जरा वर चमकदार कडं उमटलं असेल, प्रायमर बाहेर आलेला किंवा पूर्ण चपटा झाला असेल, त्याभोवती काळं धुराचं वर्तुळ असेल, बोल्ट उचलायला जोर लागला असेल, तर दुसरा बार काढू नका. तपासणी होईपर्यंत रायफल बंद. बार नेहमीपेक्षा हलका, फुसका वाटला तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी गोळी झाडली तर नळी फुटते. म्हणून रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, नळीतून बघा. "टक्" झालं आणि काडतूस उडालंच नाही, तर तोंड टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा आणि मगच बोल्ट उघडा.

२५ मीटरवर गोळ्या मध्याच्या आसपास आल्या की १०० मीटरवर जा. स्कोपचं बटण एकेका क्लिकने फिरतं. पाव मिनिटाच्या (इथे मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) एका क्लिकने १०० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर सरकते आणि २५ मीटरवर दोनहूनही कमी. म्हणून २५ मीटरवर ५ सेंमीची चूक काढायला २७-२८ क्लिक लागतात, तर १०० मीटरवर तेवढ्याच चुकीला सात. मिल या कोनाच्या दुसऱ्या मापाच्या स्कोपला ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर बरोबर १ सेंमी. एका बारावरून बटण फिरवू नका. तीन बारांचा मध्य धरा.

नळी "बसवण्यासाठी" प्रत्येक बारानंतर साफ करावी का, यावर कधीच एकमत होत नाही. त्यामागचं कारण मात्र खरं आहे. चेंबर कातणारं हत्यार गोल फिरतं, त्यामुळे खाचांच्या सुरुवातीला आडव्या बारीक रेघा राहतात. गोळी त्यावरून जाताना तांबं खरवडलं जातं, गरम वायू ते पुढे नेतो आणि नळीत बसवतो. सुरुवातीच्या काही बारांत या रेघा गुळगुळीत होतात. मधे मधे तांबं काढलं तर जुन्या तांब्यावर नवा थर चढत नाही. माझ्या मते पहिल्या पाच बारांनंतर प्रत्येकी एकदा आणि पुढच्या तीन-तीन बारांच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर एकदा तांबं काढणं पुरेसं आहे. पॅचवरचा निळा रंग झपाट्याने कमी झाला तर त्याआधीच थांबा. हाताने घासून गुळगुळीत केलेली किंवा आतून क्रोमचा मुलामा दिलेली नळी असेल तर हे करायची गरजच नसते. पन्नास बारांची किचकट वेळापत्रकं पाळताना चुकीच्या सळईने नळीचं जे नुकसान होतं, ते फायद्यापेक्षा जास्त असतं.

तीन बारांनंतर बोल्ट उघडा ठेवून पाच-दहा मिनिटं नळी गार होऊ द्या. नळीवर हात पाच सेकंदही ठेवता येत नसेल तर अजून थांबा. शिकारीची नळी बारीक असते, तापली की गोळ्या हळूहळू एका दिशेला सरकतात आणि माणूस उगाच स्कोप फिरवत बसतो. तापलेल्या चेंबरमध्ये जिवंत काडतूस घालून ठेवू नका.

नंतर

घरी आल्यावर पुन्हा नळी, चेंबर आणि बोल्ट पुसा. थंडीतून उबदार खोलीत आणलेल्या रायफलवर आतून-बाहेरून दव धरतं, म्हणून आधी ती खोलीइतकी होऊ द्या आणि मग पुसा. बाहेरच्या पोलादावर तेलाचा हात फिरवा. घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत गंजाचे ठसे होतात. ठेवताना तोंड खाली ठेवा, म्हणजे नळीतलं जादा तेल ट्रिगरमध्ये आणि दस्त्यात उतरत नाही.

शिकारीला निघण्याआधी एक गोष्ट राहते. स्वच्छ, कोरड्या नळीतून गेलेला पहिला बार आणि दोन-तीन बार झालेल्या नळीतून गेलेला बार बऱ्याचदा एकाच जागी लागत नाहीत. रेंजवर वेगवेगळ्या दिवशी, थंड नळीतून, दोन्ही प्रकारे एकेक बार काढून तो कागदावर कुठे लागतो हे लिहून ठेवा. फरक दोन-तीन सेंमीपेक्षा जास्त निघाला तर शिकारीआधी रेंजवर दोन बार काढून घ्या आणि नळी तशीच, न धुता, बरोबर न्या.